ढग ओळखावा कसा: तळ, कडा आणि माथा पाहण्याची रीत

ढगांची नावे पाठ करून आकाशाकडे पाहणाऱ्याची बहुधा पहिल्याच दिवशी निराशा होते. पाठ्यपुस्तकातील आकृतीत तंतूंसारखे सिरस, ढिगांसारखे क्युम्युलस आणि थरांचे स्ट्रेटस आपापल्या उंचीवर व्यवस्थित मांडलेले असतात. प्रत्यक्षात मात्र एकाच वेळी दोन-तीन थर एकमेकांवर असतात आणि एका प्रकाराचे दुसऱ्यात रूपांतर आपल्या डोळ्यांदेखत चालू असते. म्हणून नावापासून नव्हे, तर ढगाच्या घडणीपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. वर चढणारी हवा जेथे संपृक्त झाली, म्हणजे तिच्यात आणखी बाष्प मावेनासे झाले, ती पातळी म्हणजे ढगाचा तळ. ती हवा किती जोराने आणि किती उंच गेली हे माथा सांगतो. आणि आत पाण्याचे थेंब आहेत की बर्फाचे स्फटिक, हे ढगाची कडा सांगते. या तीन गोष्टी पाहण्याची सवय लागली की नाव शोधण्याचे काम फारसे उरत नाही.

बाष्पाचा ढग होतो तो कसा

हवेत बाष्प नेहमीच असते, पण ते डोळ्यांना दिसत नाही. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांना हे प्रमाण सुमारे १७ ग्रॅमवर येते आणि १० अंशांना जेमतेम साडेनऊ ग्रॅम उरते. बाष्प तेवढेच राहून हवा थंड होत गेली, तर एका विशिष्ट तापमानाला तिची सापेक्ष आर्द्रता १०० टक्के होते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. त्याखाली हवा आणखी थंड झाली की जादा बाष्पाचे सांद्रीभवन होऊन सूक्ष्म जलकण तयार होतात.

हवा थंड होण्याचे मुख्य कारण म्हणजे तिचे वर चढणे. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे वर जाणारी हवा प्रसरण पावते आणि या प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्या उष्णतेतून खर्च करते. त्यामुळे संपृक्त होईपर्यंत ती दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होत जाते. मात्र एवढ्याने भागत नाही. बाष्पाला जमण्यासाठी आधार लागतो आणि तो समुद्राच्या तुषारांतील मिठाचे कण, धूळ आणि धूर यांच्याकडून मिळतो. पूर्णपणे स्वच्छ हवेत सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांच्या पुढे गेली, तरी थेंब सहजासहजी बनत नाहीत.

ही गोष्ट घरी करून पाहण्यासारखी आहे, आणि मुलांबरोबर करावी अशी तर नक्कीच आहे. शीतपेयाची एक पारदर्शक प्लास्टिकची बाटली घ्यावी, तिच्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी घालून झाकण घट्ट लावावे आणि बाटली चांगली हलवावी. मग ती दोन्ही हातांनी जोराने दाबून धरावी आणि एकदम सोडावी. आत जवळजवळ काहीच दिसणार नाही. आता झाकण काढून पेटत्या उदबत्तीचा थोडा धूर आत जाऊ द्यावा, झाकण लावावे आणि पुन्हा बाटली दाबून सोडावी. सोडताक्षणी आत पांढरे धुके उमटते, दाबले की नाहीसे होते, सोडले की पुन्हा येते. मागे काळे कापड धरून बाजूने विजेरीचा झोत टाकला, तर ते अधिक स्पष्ट दिसते. दाब कमी होणे, हवा थंड होणे आणि धुराच्या कणांवर पाणी जमणे या तिन्ही क्रिया येथे हाताखाली घडतात, आणि आकाशातही याहून वेगळे काही घडत नाही.

या घडणीतूनच ढगाच्या तळाची उंची काढण्याचा एक उपयोगी आडाखा मिळतो. जमिनीवरचे तापमान आणि दवबिंदू यांतील प्रत्येक अंशाच्या फरकामागे १२५ मीटर धरावेत. हवामानाच्या बहुतेक ॲपवर दवबिंदू दिलेला असतो. एप्रिलमधील दुपारी सोलापूरकडे तापमान ४० अंश आणि दवबिंदू १६ अंश असेल, तर फरक २४ अंशांचा, म्हणजे ढगाचा तळ सुमारे ३,००० मीटरवर येतो. जुलैत कोकणात तापमान २८ आणि दवबिंदू २५ असेल, तर तळ केवळ ३७५ मीटरवर असतो. जमीन तापून वर चढलेल्या हवेच्या ढगांनाच हा हिशेब नीट लागू पडतो. उंचावरील पसरट थरांना तो लावू नये. एकाच दुपारी आकाशात विखुरलेल्या सगळ्या क्युम्युलस ढगांचे तळ एका पातळीत कापल्यासारखे सपाट का दिसतात, याचे उत्तरही येथेच आहे: त्या सर्वांखालची हवा जवळपास सारखीच असल्यामुळे ती सारख्याच उंचीवर संपृक्त होते.

सांद्रीभवन सुरू झाले की आणखी एक गोष्ट घडते आणि पुढे येणाऱ्या वादळी ढगांचे सारे सामर्थ्य तिच्यातच आहे. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे २,५०० जूल उष्णता बाहेर पडते आणि एवढ्या उष्णतेने एक किलो हवा जवळजवळ अडीच अंशांनी तापते. त्यामुळे ढगातली चढती हवा कमी वेगाने, दर किलोमीटरला साधारण ५ ते ६ अंशांनी, थंड होते. भोवतालची हवा उंचीबरोबर याहून अधिक वेगाने थंड होत असेल, तर ढगातील हवा सतत तिच्यापेक्षा उबदार आणि हलकी राहते आणि वर चढतच जाते.

एवढे पाणी खाली का पडत नाही, हा प्रश्न मुले हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. लांबी, रुंदी आणि उंची एकेक किलोमीटर असलेल्या साध्या क्युम्युलस ढगात प्रत्येक घनमीटरला अर्धा ग्रॅम पाणी धरले, तरी एकूण पाणी ५०० टन भरते. पण ते ज्या कणांत विभागलेले असते त्यांचा व्यास ०.०२ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि असा कण सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर इतक्याच वेगाने खाली येतो. चढती हवा त्याला सहज पेलते. दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब बनायला असे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. म्हणूनच आकाशातल्या बहुतेक ढगांतून पाऊस पडत नाही.

दहा प्रकार आणि त्यांमागची चार नावे

लंडनमधील औषधनिर्माते ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये एका व्याख्यानात ढगांना लॅटिन नावे सुचवली. तंतूंसारख्या ढगांना सिरस, ढिगासारख्यांना क्युम्युलस, थरांना स्ट्रेटस आणि पाऊस देणाऱ्यांना निंबस असे त्यांनी म्हटले. आज जागतिक हवामान संघटनेच्या मेघसंग्रहात जे दहा मुख्य प्रकार आहेत, ते याच चार शब्दांच्या जोडण्यांतून तयार झाले आहेत. मधल्या उंचीसाठी ‘आल्टो’ हा उपसर्ग तेवढा वाढला. आपल्या उष्ण कटिबंधात साधारण दोन किलोमीटरपर्यंत तळ असलेले ढग खालचे, दोन ते आठ किलोमीटरमधले मध्यम आणि सहा ते अठरा किलोमीटरमधले उंच ढग मानतात. या मर्यादा एकमेकींत शिरतात, हे लक्षात ठेवावे. शिवाय जमिनीवरून उंचीचा नेमका अंदाज येत नाही, त्यामुळे ओळखण्यासाठी दुसऱ्या खुणा लागतात.

पहिली खूण सावलीची. आकाशभर पातळ पांढरा पडदा आहे, सूर्य स्पष्ट दिसतो, जमिनीवर आपली सावली पडते आणि सूर्याभोवती किंवा रात्री चंद्राभोवती मोठे खळे पडले आहे, तर तो सिरोस्ट्रेटस. हे खळे बर्फाच्या षटकोनी स्फटिकांतून प्रकाश वळल्यामुळे पडते आणि त्याची त्रिज्या २२ अंश असते. हात लांब करून वीत पसरली, अंगठ्याचे टोक चंद्रावर ठेवले, तर करंगळीचे टोक साधारण खळ्यावर येते. पडदा दाट होऊन राखाडी झाला, सूर्याची जागा कळते पण त्याची कड दिसत नाही आणि सावली नाहीशी झाली, म्हणजे तो आल्टोस्ट्रेटस झाला. सूर्याकडे थेट पाहू नये. त्याला इमारतीच्या किंवा खांबाच्या आड ठेवूनच भोवतालचे आकाश पाहावे.

दुसरी खूण बोटांची. लहान लहान पुंजक्यांनी भरलेले आकाश तीन प्रकारचे असू शकते. हात पूर्ण लांब करून, क्षितिजापासून बऱ्याच वर असलेल्या एका पुंजक्यावर बोटे धरावीत. पुंजका करंगळीमागे पूर्ण झाकला गेला तर ढग सिरोक्युम्युलस, करंगळीहून मोठा पण तीन बोटांमागे मावणारा असेल तर आल्टोक्युम्युलस आणि तीन बोटांनाही पुरून उरला तर स्ट्रॅटोक्युम्युलस. नवख्या निरीक्षकाला सिरोक्युम्युलस वाटणारा ढग बहुतेक वेळा आल्टोक्युम्युलसच निघतो. पुंजक्याच्या एका अंगाला राखाडी छटा दिसत असेल, तर शंका घेण्याचे कारणच उरत नाही, कारण सिरोक्युम्युलसला अशी छटा नसते.

सिरसविषयी फार सांगण्याची गरज नाही. तो पूर्णपणे बर्फाच्या स्फटिकांचा असतो आणि त्याचे तंतू म्हणजे पडता पडता वाऱ्याने ओढले गेलेले स्फटिक असतात. हिवाळ्यात वरच्या थरांतील जोरदार पश्चिमी वाऱ्यांमुळे महाराष्ट्राच्या आकाशातही त्याचे लांबच लांब पट्टे दिसतात. स्ट्रेटस हा जमिनीलगतचा एकसारखा राखाडी थर. तोच जमिनीला टेकला की आपण त्याला धुके म्हणतो.

क्युम्युलस ते क्युम्युलोनिंबस: कडेवर नजर ठेवा

मार्च ते मे आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन काळ देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात ढग शिकण्यासाठी सर्वोत्तम होत, कारण ढगाचे सारे आयुष्य एका दुपारीत पाहायला मिळते. सकाळी अकराच्या सुमारास सपाट तळाचे, रुंदीपेक्षा कमी उंचीचे छोटे क्युम्युलस दिसू लागतात. ते तसेच राहिले, तर वर कोरड्या किंवा उबदार हवेचा अटकाव आहे असे समजावे. संध्याकाळी ते विरून जातील. त्यांतला एखादा रुंदीपेक्षा उंच होऊ लागला, तर मात्र दुसरीकडे पाहू नये.

अशा वेळी एका जागी उभे राहून ढगाच्या माथ्याची एक कड घराच्या कोपऱ्याशी किंवा विजेच्या खांबाशी जुळवून घ्यावी आणि पाच मिनिटे केवळ तेवढीच पाहावी. वाढत्या ढगाचा माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो: एक फुगवटा वर येतो, त्याच्या पोटातून दुसरा फुटतो, पहिला बाजूला कलंडून विरतो आणि तोवर तिसरा त्याच्याही वर गेलेला असतो. या अवस्थेत कडा कापल्यासारखी रेखीव असते, कारण आत पाण्याचे कण दाटलेले असतात आणि भोवतालच्या कोरड्या हवेत ते चटकन विरून जातात. मग एका क्षणी वरचा फुगवटा मऊ दिसू लागतो, त्याची चमक कमी होते आणि कडेला धागे सुटतात. आतले पाणी गोठू लागल्याची ही खूण आहे आणि येथून त्या ढगाला क्युम्युलोनिंबस म्हणायचे. उन्हाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी सुमारे पाच किलोमीटरवर असते, पण थेंब लगेच गोठत नाहीत. शून्याखाली बऱ्याच तापमानापर्यंत ते द्रवरूपातच टिकतात. एकदा स्फटिक तयार झाले की ते भोवतालच्या थेंबांतले पाणी बाष्पाच्या रूपाने ओढून घेत झपाट्याने वाढतात.

पूर्ण वाढलेल्या ढगाचा माथा आणखी वर जाऊ शकत नाही, तेथे तो आडवा पसरतो आणि ऐरणीचा आकार घेतो. ही ऐरण वरच्या वाऱ्याच्या दिशेने ओढली जाते. तिचे टोक आपल्या डोक्यावर आले असेल, तर वादळ बहुधा आपल्या बाजूला सरकते आहे. पाऊस येण्याआधी थंड वाऱ्याचा जोरदार झोत आणि धूळ येते; पावसाबरोबर खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरत आपल्यापर्यंत पोहोचलेली असते. वळीव पावसाच्या आधीचा तो वारा ज्याला ओळखता येतो, त्याला निवाऱ्यासाठी काही मिनिटे तरी हाती मिळतात. एप्रिल-मेमध्ये उंच तळाच्या ढगांतून पावसाचे पट्टे खाली लोंबताना दिसतात, पण कोरड्या हवेत ते अर्ध्यातच विरतात; जमिनीवर केवळ वारा येतो.

या ढगांच्या बाबतीत निरीक्षणापेक्षा सुरक्षितता आधी. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि तीनने भागावेत. येणारे उत्तर म्हणजे विजेचे किलोमीटरमधील अंतर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर निरीक्षण तेथेच थांबवून पक्क्या घरात किंवा धातूच्या छताच्या बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. शेतातील एकट्या झाडाचा आसरा कधीही घेऊ नये. आपल्याकडे वीज पडून जाणाऱ्या माणसांत शेतकरी, शेतमजूर आणि गुराखी मोठ्या संख्येने असतात, म्हणून ही एवढी माहिती गावागावात, शाळाशाळांत पोहोचली पाहिजे असे मला मनापासून वाटते. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. ते फोनवर असावे.

क्युम्युलोनिंबस किती स्थानिक असू शकतो, याचे सर्वांना आठवणारे उदाहरण म्हणजे २६ जुलै २००५ ची मुंबई. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच शहरातल्या कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास. गारपीटही याच ढगाची. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात रब्बी पिके झोडपली गेली, ती अशाच ढगांतील गारांनी.

सह्याद्रीवर ढग अडत नाहीत, तेथे ते तयार होतात

‘पावसाळी ढग सह्याद्रीला अडतात’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. त्यात निम्मेच तथ्य आहे. नैर्ऋत्येकडून येणारी दमट हवा सुमारे हजार मीटर उंचीच्या या भिंतीवर चढते आणि वर पाहिल्याप्रमाणे कोकणातील हवेला संपृक्त व्हायला तीनचारशे मीटरचीच चढण पुरते. म्हणजे घाटमाथ्याच्या कितीतरी खालीच नवा ढग बनू लागतो. जुलैत घाटाच्या टोकावर उभे राहिले, तर दरीच्या मध्यावर रिकाम्या दिसणाऱ्या हवेतून ढगाचे लोट उमटताना आणि कड्यावरून वर येताना दिसतात. माथ्यावरचा ढग तासन् तास एका जागी बसलेला वाटतो, पण वारा त्याच्यामधून सतत वाहत असतो. चढत्या बाजूला ढग तयार होतो आणि उतरत्या बाजूला विरतो.

या ढगांचे माथे बरेचदा गोठणपातळीच्या आसपास किंवा तिच्याही खाली राहतात. पाणी गोठण्याची वाट न पाहता मोठे थेंब लहान कणांना गिळत वाढतात आणि त्यातूनच पाऊस पडतो. भर जुलैत घाटात दिवसचे दिवस पाऊस कोसळूनही ढगांचा गडगडाट क्वचितच ऐकू येतो, याचे हेच मुख्य कारण. विजेसाठी लागणारा बर्फ आणि गारांचा गदारोळ या ढगांत नसतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे ढगच जमिनीवर उतरत असल्यामुळे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मेघभौतिकीची प्रयोगशाळाही उभारली आहे. इतर ठिकाणी विमानातून करावी लागणारी ढगकणांची मोजणी तेथे जमिनीवरूनच करता येते.

माथा ओलांडलेली हवा खाली उतरताना दाबली जाऊन तापते आणि ढग विरू लागतो. पुण्याचा वार्षिक पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर का, ते येथे कळते. पुण्यात जुलैमध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे, मधूनच भुरभुर देणारे जे ढग दिसतात, ते बहुधा स्ट्रॅटोक्युम्युलस असतात. त्यांना निंबोस्ट्रेटस म्हणण्याची चूक सर्रास होते. निंबोस्ट्रेटस हा जाड, गडद, सूर्याचा मागमूसही न लागू देणारा थर असतो, त्याचा तळ पावसामुळे पुसट झालेला असतो आणि त्यातून तासन् तास एकसारखी संततधार लागते. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र मध्य भारतावर आले की विदर्भात तो चांगला पाहायला मिळतो.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणारे इंद्रवज्र हेही ढगाचेच काम. सूर्य पाठीशी आणि खाली दरीत ढग असला की आपल्याच सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळे दिसतात. ती पावसाच्या थेंबांमुळे नव्हे, तर ढगातील एकसारख्या आकाराच्या सूक्ष्म जलकणांमुळे उमटतात.

नोंद कशी ठेवावी

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या मुख्य निरीक्षणाची सकाळची वेळ साडेआठ आणि संध्याकाळची साडेपाच असते. आपणही याच वेळा पाळल्या, तर आपली नोंद जवळच्या केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहता येते. सारे आकाश दिसेल अशी गच्ची निवडावी. आकाशाचे मनाने आठ भाग करून त्यांतील किती ढगांनी झाकले आहेत ते लिहावे, खालच्या थराची हालचाल कोणत्या दिशेने आहे ते खांबाच्या टोकाशी ताडून पाहावे, तळ सपाट आहे की पुसट आणि कडा रेखीव आहे की धागे सुटलेली ते टिपावे; नाव सर्वांत शेवटी लिहावे आणि खात्री नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. फोनवर फोटो काढताना चौकटीत इमारतीचा एखादा कोपरा असू द्यावा, म्हणजे दहा मिनिटांनी त्याच जागेवरून काढलेल्या दुसऱ्या फोटोशी तुलना करता येते.

यानंतरच इन्सॅट उपग्रहाचे चित्र उघडावे, कारण आधी चित्र पाहिले तर नजर तेच शोधू लागते. अवरक्त किरणांच्या चित्रात ढगाची जाडी नव्हे, तर त्याच्या माथ्याचे तापमान दिसते: जितका माथा थंड तितका ढग पांढरा. त्यामुळे जानेवारीतला निरुपद्रवी सिरसचा पट्टा त्यात पांढराशुभ्र उठून दिसतो आणि घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा बुटका ढग फिकट राखाडी दिसतो.